जाळीपुढची केळी

बारदानावर पालथं पडलेलं जीपचं हेड रेणुकादासांनी चपलेच्या टोकानं हळूच ढोसून पाहिलं आणि मनातल्या मनात जमेची बाजू मांडायला घेतली. उभा जन्म नांदेडच्या कॉलेजात पोरांना जमाखर्च शिकवण्यात गेल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीच्या मधोमध एक उभी रेघ दिसायची. या वेळी रेघेच्या जमेकडं पैशात मोजावं असं काहीच नव्हतं. जीप त्यांची नव्हती. लातूरच्या व्याह्यांची, वीरण्णांची होती. हेड दुरुस्त झालं तर रेणुकादासांना मिळणार होतं ते एवढंच, की ‘सुनेच्या बापाच्या केळ्यांनी आमची जीप खाल्ली’ हे वाक्य लातुरात जन्माला यायच्या आधीच मरणार होतं. आणि हेड भंगारात गेलं, तर तेच वाक्य त्यांच्या मनस्विनीला म्हातारपणापर्यंत पुरणार होतं. सासरची माणसं एक वेळ दागिने विसरतात. केळी विसरत नाहीत.

“सर, पाय नका लावू,” नागसेन मेकॅनिक म्हणाला. “पेशंट हाय ते.”

रेणुकादासांनी पाय मागं घेतला आणि कुणी बघत नाही अशा समजुतीनं हेडला नमस्कार केला. नागसेन आणि वीरण्णा दोघंही बघत होते.

इंजिनाच्या डोक्यावर बसणारा तो बिडाचा जाड ठोकळा नागसेननं उलटा केला. त्याच्यावर रॉकेलचा बोळा फिरवला, कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं आणि वर खडू घासला. तिघंही वाकून बसले. आधी काहीच झालं नाही. मग दोन व्हॉल्व्हच्या मधोमध, पांढऱ्या पुडीतून, केसाएवढी काळी रेघ हळूहळू वर आली.

“आली बघा बाई बाहेर,” नागसेन समाधानानं म्हणाला. रोग सापडला की डॉक्टरला होतो तसला आनंद त्याच्या तोंडावर होता.

“वाचंल का?” वीरण्णांनी विचारलं. आडत बाजारात तुरीच्या भावावर गरजणारा हा माणूस इथं आवाज खाली घेऊन बोलत होता.

“वाचंल बी आन् न्हाई बी. भट्टीत लाल करून वेल्डिंग मारायचं, राखंत गाडून ठेवायचं. आपल्या चालीनं गार होऊ द्यायचं. घाई केली की दुसरीकडं तडकतंय. मग लेथवर घासून सपाट करायचं. राहिलं तर नातवाची वरात ह्याच जीपमधी निघंल. न्हाई राहिलं तर चाकूर बी दिसायचं न्हाई.”

“आन् न्हाई केलं तर?”

“तर काय, वजनावर घालायचं. बीड हाय, चांगलं जड हाय. आन् हेड गेलं म्हणल्यावर जीप बी गेली. असलं दुसरं हेड आता कुठं घावतंय?” नागसेन हात पुसत उभा राहिला. “बोला. काय करू?”

वीरण्णांनी खांद्यावरच्या उपरण्यानं मान पुसली. मग डावं कानशील पुसलं, मग उजवं. आणि म्हणाले,

“म्या काय बोलणार? इवाई आलेत. इवाई म्हणतील तसं.”

हा मान होता, आणि दिसायला मोठा होता. रेणुकादास मात्र जमाखर्चाचे मास्तर होते. मान दिसला की त्याच्या मागं काय टेकवलंय हे आधी बघायचे. वीरण्णांच्या घरात जीपवरून शीतयुद्ध चाललेलं होतं हे त्यांना मनस्विनीच्या फोनवरून माहीत होतं. वीरण्णांना जीप हवी होती. त्यांच्या बायकोला, महानंदाबाईंना, नको होती. नवऱ्यानं ‘दुरुस्त करा’ म्हणावं तर घरात जेवण अळणी होणार. ‘भंगारात घाला’ म्हणावं तर स्वतःलाच ते गिळणार नव्हतं. व्याह्याचा शब्द मात्र दोघांनाही मोडता येत नाही. म्हणजे वीरण्णांनी गळ्यात हार घातल्यासारखं करून गळ्यात जूच दिलं होतं.

“जेवून सांगतो,” रेणुकादास म्हणाले.

“जेवूनच सांगा. उपाशीपोटी निवाडा करू नये,” नागसेन म्हणाला.

वीरण्णांच्या लातूरच्या घराकडं चालता चालता रेणुकादासांनी पुन्हा एकदा सगळं आठवून पाहिलं. धोंड्याचा महिना. जावई आणि व्याही नांदेडला जेवायला आलेले. मुलांनी आपापलं जमवलेलं लग्न, त्यामुळे दोन्ही घरं मानपानाच्या बाबतीत नव्यानं सायकल शिकणाऱ्यासारखी हँडल जरा जास्तच घट्ट धरून चाललेली. लोक अधिकात अनारशांचं वाण देतात. रेणुकादासांनी अनारसे दिलेच, वर अर्धापूरहून केळीचे दोन उभे घड आणवले. निघताना जीपचा मागचा भाग धोंड्यांच्या डब्यांनी, लोणच्याच्या बरण्यांनी आणि मनस्विनीच्या पुस्तकांनी भरून गेला. घड आत मावेनात. तेव्हा ते पुढच्या गार्डाला बांधले गेले, जाळीवर, एकाला एक लागून. जीप गणपतीसारखी सजली. सगळ्यांनी कौतुकानं पाहिलं. मग मे महिन्याच्या उन्हात ती लातूरकडं निघाली. त्या दिवशी रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं, आणि इंजिनाला वारा द्यायच्या जाळीपुढं मात्र दोन घड पडदा धरून बसलेले.

“तुम्हांला काटा दिसला नाही का हो?” रेणुकादासांनी शेवटी विचारून टाकलं. “इंजिन तापल्याचा?”

“दिसला की,” वीरण्णा म्हणाले. “लोहा सोडलं आन् काटा चढाया लागला. माळाकोळीला लालीत गेला. म्या म्हणलं, थांबावं, घड सोडावं. तर ही म्हणली, ‘इवायाचं अधिकातलं वाण रस्त्यावर काढून ठेवता? लोकं काय म्हणतील?’ मग म्या गप बसलो. वाण हाय शेवटी. अहमदपूरच्या अलीकडं असा आवाज झाला बघा, फट्ट. आणि केळी, इवाई, केळी पार शिजल्याली. पर गोड हं. लई गोड.”

रेणुकादासांना कुठं बघावं कळेना. ते रस्त्याकडं बघत चालले.

महानंदाबाईंनी पाट मांडून ठेवला होता. ताटात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरण, आणि वाटीत, न मागता, शिकरण. शिकरण पाहून रेणुकादासांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. सुरुवात झाली, त्यांना वाटलं. पण महानंदाबाईंचा चेहरा लग्नघरातल्यासारखा प्रसन्न होता.

“दादा, जीपचं म्हणाल तर माझं काईच म्हणणं न्हाई,” त्या भाकरी वाढता वाढता म्हणाल्या. “जुनं माणूस हाय ते घरातलं. आता उन्हाळ्यात आत बसलं की पापड भाजल्यावाणी होतंय, ते होऊ द्या. पावसाळ्यात आतमधी बी छत्री धरावी लागती, धरू की. थंडीत सकाळी ढकलावी लागती, त्येवढंच अंग गरम. बाकी जीप बेस हाय.”

“ऐकलं का इवाई, बेस हाय म्हणती,” वीरण्णा घाईनं म्हणाले.

“शेजारच्या अयोध्यानं नवी घेतली,” महानंदाबाई त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या. “दार लावलं तर आवाजच न्हाई. आमचं दार लावलं की गल्ली उठून बसती. पर माझं काई म्हणणं न्हाई. तुमी म्हणाल तसं. घ्या, आणिक शिकरण घ्या. तुमच्याच केळ्याची म्हणून दुसरी आणून केली.”

रेणुकादास हात धुवायला मोरीपाशी गेले, तेव्हा तांब्या घेऊन मनस्विनी मागं आली. सकाळचा क्लास संपवून ती आत्ताच घरी पोचली होती; नवरा सत्यम अजून तिकडंच पोरांना भौतिकशास्त्र शिकवत होता. तिनं हातावर पाणी घातलं आणि तोंड न हलवल्यासारखं करून म्हणाली,

“बाबा, भंगार म्हणा.”

“तुला बोलतात का गं?”

“कोण?”

“केळ्यांवरून.”

मनस्विनीला हसू आवरेना. तांब्यातलं पाणी रेणुकादासांच्या मनगटावर सांडलं.

“बोलतात ना. आत्याबाई रोज बोलतात. ‘तुझ्या वडलांचा हात लई शुभ हाय’ म्हणतात. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं. त्या दिवसापासून मला सकाळचा चहा हातात मिळतो, बाबा. गाड्यांच्या दुकानातून रंगांचे कागद आणलेत त्यांनी, गादीखाली ठेवलेत. मला दाखवले. मामांना नाही दाखवले.”

रेणुकादासांनी हात पुसले, तरी पुसतच राहिले. ज्या बाजूला मुलीचा अपमान मांडून ठेवला होता, तिथं सकाळचा चहा निघाला होता. एवढी वर्षं शिकवताना पोरांना ते सांगायचे, ताळा जुळला नाही की आकड्यांवर चिडू नये. कुठली तरी नोंद बघायची राहून गेलेली असते.

ती नोंद त्यांना नागसेनच्या गॅरेजात सापडली.

दुपार कलत होती. वीरण्णा हेडजवळ उकिडवे बसले होते. शेजारी काढून ठेवलेल्या बोल्टांतला एक त्यांनी उचलला, उपरण्याच्या टोकानं त्याच्या आट्या पुसल्या आणि बोलता बोलता सदऱ्याच्या खिशात टाकला. आपण हे केलं हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. बाकीच्या बोल्टांत घट आलेली नागसेनच्या ध्यानात आली.

“काय सर, झाला का निवाडा?” त्यानं रेणुकादासांना खुर्ची पुसून दिली. “पर मला एक कळंना. वहिनी गाडीत असून घड जाळीवर बांधलेच कसे म्हणतो मी.”

“का? वहिनींचं काय?”

“आवो, मागं गणपतीत मंडळाचा बॅनर ह्याच जाळीवर बांधला होता पोरांनी. मिरवणुकीत गाडी उकळली. तवा म्या लई बोललो. म्हणलं, जाळी म्हंजे गाडीचं नाक. नाकावर फडकं बांधून कुणी पळतं का? अण्णा तर तवा गावालाच गेल्ते. वहिनी हुब्या होत्या तिथं. त्यांनी असं पाठ केलं का, सांगता सोय न्हाई. तवापासून दसऱ्याला हार बी बांधू देत न्हाईत जाळीवर. झेंडूचा! म्हणत्यात, नाक हाय ते, नाक.”

वीरण्णांनी उपरणं हातात घेतलं आणि दोन्ही कानशीलं एकदमच पुसली.

“लई गरम व्हायलंय आज,” ते म्हणाले.

रेणुकादास खुर्चीत टेकले. नांदेडच्या दारातली ती सकाळ त्यांच्यापुढं पुन्हा उभी राहिली, आणि या वेळी ‘बांधले गेले’ एवढ्यावर भागेना. ते स्वतः घड घेऊन टपाकडं बघत होते. ‘वर बांधू’ असंच त्यांनी म्हटलं होतं. आणि बाजूनं एक गोड आवाज आला होता: ‘वर नको दादा, ऊन लागंल. पुढं बांधा, जाळीला. वाऱ्यावर राहत्यात.’ दोरीचं दुसरं टोकही त्याच आवाजाच्या हातात होतं.

त्यांनी वीरण्णांकडं पाहिलं. वीरण्णा बारदानाच्या सुतळ्या मोजत असल्यासारखे खाली बघत होते. त्यांना माहीत होतं. निदान माळाकोळीपासून तरी माहीत असावं. काटा लालीत जाताना एका बाजूला जीप होती आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या सीटवर, पदर सावरून, सरळ पुढं बघत बसलेली बायको. आणि हा माणूस गाडी चालवत राहिला होता.

आता ‘दुरुस्त करा’ म्हणावं, तर त्या बाईच्या नाकासमोरून तिची नवी गाडी हिसकावून घ्यायची; आणि मनस्विनी तिच्याच हाताखाली नांदणार. ‘भंगार’ म्हणावं, तर खिशात बोल्ट घालून बसलेल्या या माणसाला जीपविना, तेवढ्या बोल्टावर घरी न्यायचं. रेणुकादासांनी डोळे मिटले. नागसेनला वाटलं, सरांना झोप लागली.

“हेड दुरुस्त करा,” ते म्हणाले.

वीरण्णांनी मान वर केली. लगेच त्यांना घर आठवलं असावं, कारण ती अर्ध्यावर थांबली.

“आणि झाल्यावर जीप माझ्याकडं नांदेडला पोचवा.”

“म्हंजे?” वीरण्णांचा आवाज बदलला. “इकत घेता का इवाई?”

“छे. विकत नाही, आहेर नाही. लेकीच्या घरचं घेणारा मी कोण? ठेव म्हणून ठेवा. मालक तुम्हीच. माझ्या अंगणात जागा आहे, जीप तिथं उभी राहील. तुमच्या दारात जागा मोकळी झाली की विहीणबाईंना पाहिजे ती गाडी लावा.”

वीरण्णांनी हेडवरून एकदा हात फिरवला. मग सावधपणे, भाव काढल्यासारखं, म्हणाले,

“ठेव ठेवली तर बघायला येता येतंय का?”

“केव्हाही.”

“हाकायला?”

“तुमचीच आहे.”

“दर रविवारी आलो तर?”

“या ना.”

“एकट्याला येवढ्या लांब कटाळा येतो. सुनबाईला संगं आणत जाईन. चालंल?”

रेणुकादासांनी चष्मा काढून पुसायला घेतला. लग्नानंतर मनस्विनी सणावारीच माहेरी यायची. ‘तिला जास्त पाठवत जा’ हे वाक्य त्यांनी कितीदा तरी मनात जुळवलं होतं आणि मुलीचा बाप म्हणून कितीदा तरी गिळलं होतं. ते आता समोरच्यानंच स्वतःच्या गरजेपोटी म्हटलं होतं.

“चालेल,” ते शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाले.

वेल्डिंगच्या पैशांवरून मग दोघा व्याह्यांत ‘मी देतो, छे, मीच’ असं इतकं चाललं, की नागसेननं मधे पडून निम्मं-निम्मं केलं आणि वीरण्णांच्या खिशातून बोल्ट काढून घेतला.

हेड राहिलं. राखेतून निघालं तेव्हा खडूला काही दिसलं नाही, आणि जीप धडधडत, चाकूरच काय, लोहाही मागं टाकून नांदेडला आली. लातूरच्या दारात पांढरी नवी गाडी उभी राहिली. महानंदाबाईंनी तिचं दार पहिल्या दिवशी इतक्यांदा उघडून लावून दाखवलं, की अयोध्या म्हणाली, काकू, बिजागरी झिजंल.

सौदामिनीबाईंना, म्हणजे रेणुकादासांच्या पत्नीला, विचारायचं मात्र राहिलं होतं. विसरले नव्हते, राहिलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सकाळचं कोवळं ऊन अंगावर घेत अंगणात खुर्ची टाकायची आणि पेपरातलं शब्दकोडं सोडवायचं, हे त्यांचं एवढंच ऐश्वर्य होतं. जीप बरोबर त्या उन्हात येऊन उभी राहिली. त्यांनी खुर्ची उचलून आत नेली. बोलल्या काहीच नाहीत. रेणुकादासांनी ते जमेला धरलं.

मग रविवार सुरू झाले. वीरण्णा नवी गाडी फाटकाबाहेर लावायचे, चावी मनस्विनीकडं फेकायचे आणि सरळ जीपपाशी जायचे. बॉनेट उघडायचे, पाणी बघायचे, जाळीतून बोट फिरवून एखादा वाळका पाला काढायचे. मग दोघे व्याही आसना नदीच्या पुलावरून अर्धापूरपर्यंत एक फेरी मारून यायचे. दोघांत बोलणं फारसं नसे. इंजिनाच्या आवाजात ते शक्यही नव्हतं. परत येईपर्यंत आत पानं वाढलेली असायची.

व्याही म्हणजे व्याही. त्यांना पिठलं-भाकरी वाढत नाहीत. एका रविवारी पुरणपोळ्या झाल्या, एका रविवारी श्रीखंड-पुरी, मग पुन्हा पुरणपोळ्या, कारण वीरण्णा श्रीखंड खाताना पुरणपोळीची आठवण काढायचे. ते अवघड पाहुणे मुळीच नव्हते; फक्त भुकेचे पक्के होते. रेणुकादास लेकीशी पोटभर बोलायचे. लेक ओट्यापाशी आईला मदत करायची, आणि मदत करायची म्हणजे कणीक मळता मळता लातूरच्या गोष्टी सांगायची.

“ते हेड फुटलं कसं होतं गं नक्की?” एकदा सौदामिनीबाईंनी पुरण वाटता वाटता विचारलं.

मनस्विनीनं दाराकडं पाहिलं, आवाज खाली घेतला आणि गणपतीतल्या बॅनरपासून सगळं सांगितलं. नागसेन काय म्हणाला होता ते तिला सासऱ्यांकडून कळलं होतं. ‘वाऱ्यावर राहत्यात’पर्यंत पोचली तेव्हा तिला हसता हसता ठसका लागला.

“जाळी म्हणजे गाडीचं नाक, आई!”

“अस्सं,” सौदामिनीबाई म्हणाल्या, आणि पुरणयंत्राचं हँडल फिरवत राहिल्या.

काही रविवारांनी नागसेनचा निरोप आला: जीप बरीच चालली असेल, आता हेडचे बोल्ट एकदा टाईट करायला पाहिजेत, लातूरला घेऊन या. वीरण्णा खूष होऊन सकाळीच हजर झाले. जेवण करून ते जीपमधून निघणार होते आणि मनस्विनी नव्या गाडीतून मागोमाग. रेणुकादासांनी टायर दाबून पाहिले. वीरण्णांनी बॉनेट लावलं.

तेवढ्यात सौदामिनीबाई बाहेर आल्या आणि ओसरीच्या कोपऱ्यातलं ओलं पोतं त्यांनी बाजूला केलं. पोत्याखाली केळीचे दोन उभे घड होते.

“हे कधी आणलंस?” रेणुकादासांनी विचारलं.

“काल गेले होते अर्धापूरला. विहीणबाईंना पाठवायचेत.”

“बरं झालं. मागं ठेवतो.”

“मागं नको, सीटला डाग पडतात.”

“मग टपावर.”

“वर नको, ऊन लागतं.” त्यांनी सुताची जाड दोरी पुढं केली. चेहरा वर्गात श्रुतलेखन सांगताना असावा तसा होता. “पुढं बांधा. जाळीला. वाऱ्यावर राहतात.”

मनस्विनीला एकदम तुळशीला पाणी घालायचं आठवलं. वीरण्णा शेजारच्या शेवग्याकडं बघायला लागले. शेवग्याला शेंगा नव्हत्या, तरी बघत राहिले.

“नीट घट्ट बांधा,” सौदामिनीबाई म्हणाल्या. “तोवर मी पुरणाला बसते.”

रेणुकादासांच्या हातात दोरीचं एक टोक होतं. त्यांना ती उभी रेघ दिसली. जमेकडं गर्दी झाली होती: विहीणबाईंची आवाज न करणारी गाडी, वीरण्णांची जीप, त्यांची स्वतःची दर रविवारी येणारी लेक. पलीकडच्या बाजूला एकच माणूस होतं, आणि ते दोरीचं दुसरं टोक धरून अंगणातल्या त्या उन्हाच्या जागी उभं होतं.

“आज पुरण नको,” ते म्हणाले.

“मग काय, व्याह्यांना साधं वाढायचं?”

“वाढायचं कशाला?” वीरण्णा शेवग्याकडंच बघत म्हणाले. बाजार कधी फिरतो हे आडत्याला लवकर कळतं. “मला पिठलं येतंय, ताई. आडतीवर हमालांसंगं लई हलवलंय. फक्त भाकरीचं काय करावं.”

“भाकरी,” रेणुकादास म्हणाले, आणि थांबले. दोरीकडं पाहिलं. “भाकरी मी करीन.”

सौदामिनीबाईंनी दोरीचं टोक सोडून दिलं.

“मग मागंच ठेवा केळी,” त्या म्हणाल्या. “डाग पडले तर पडले.”

त्या रविवारचा भरणा असा झाला. पिठलं वीरण्णांनी हलवलं आणि त्यातल्या गुठळ्या त्यांच्याच खात्यावर पडल्या. भाकऱ्या रेणुकादासांनी थापल्या. पहिली परातीला चिकटून बसली, दुसरीनं तव्यावर तेलंगणाच्या नकाशासारखा आकार घेतला, आणि तिसरी बऱ्यापैकी गोल उतरली, पण शेकताना तिला मधोमध तडा गेला. ती उलथन्यावर घेऊन, भाजलेलं बोट तोंडात धरून, ते अंगणापर्यंत आले. सौदामिनीबाई जीपच्या पुढच्या सीटवर, पाय वर घेऊन, उन्हात शब्दकोडं सोडवत होत्या.

“काय करू हिचं?”

त्यांनी चष्म्यावरून भाकरीकडं पाहिलं, तड्यावरून नजर फिरवली आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं.

“मला काय विचारता? व्याही आलेत. व्याही म्हणतील तसं.”

व्याह्यांनी ती मोडली. निम्मी वीरण्णांनी खाल्ली, निम्मी रेणुकादासांनी.